पैठणीवरचा मोर गोष्ट सांगतो का?

सेलूच्या एका शिक्षिकाताईंनी तीन फोटो पाठवलेत. एक आजेसासूबाईंची जांभळी नऊवारी पैठणी, पदर घड्यांवर चिरलेला. दुसरा जिंतूरकडच्या तांड्यावरून घरात आलेला लमाणी गणो, म्हणजे बायांच्या मानेवर मागे लोंबणारा भरतकामाचा चौकोन, कडेनं कवड्या, मध्ये काचा. तिसरी एक जुनी वाकळ. त्यांचे प्रश्न चार आहेत. फ्रान्समधल्या बायोच्या कापडासारखं, चित्रांतून गोष्ट सांगणारं काही आपल्या मराठवाड्यात होतं का? पैठणी ही ‘टॅपेस्ट्री’ आहे असं म्हणतात, ते खरं का? जुन्या वस्तूंचा एक व्यापारी म्हणतो, पदरावरचा मोर अजिंठ्याचा आहे नि साडी तीनशे वर्षांची आहे. किती विश्वास ठेवायचा? आणि हे सगळं जपायचं कसं, चौकटीत घालून भिंतीला लावलं तर चालेल का?

जुन्या कापडांची दुरुस्ती नि जपणूक हाच माझा धंदा, आणि त्यातली बरीच वर्षं छत्रपती संभाजीनगरात गेलीत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

ताई, आधी त्या व्यापाऱ्याचं बघू. तुमचा पैठणीचा फोटो, ज्यात घडी थोडी उलगडलीय, तोच मला सगळ्यात कामाचा वाटला. बाहेर उजेड लागलेला जांभळा गुलाबीकडे उतरलाय आणि घडीच्या आत मात्र तो अजून डोळ्यांत भरेल इतका झगझगीत आहे. पहिल्या पिढीतले कृत्रिम रंग असे वागतात. 1856 साली विल्यम पर्किननं पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला, आणि त्यानंतर हे रंग हिंदुस्थानात येऊन पोचले. त्याआधी जांभळा करायचा तर लाखेचा किंवा किरमिजाचा लाल आणि निळीचा निळा असे दोन हात द्यावे लागत. तो रंग खोल असतो, असा भडक नसतो. फोटोवरून छातीठोक काही सांगू नये हे खरं, पण तीनशे वर्षं तर सोडाच, दीडशेच्या वर जायलाही मी कचरेन. साडीची किंमत त्यानं कमी होत नाही. व्यापाऱ्याची मात्र होते.

आता मोर. बांगडी मोर, मुनिया, आसावली, नारळी, हे सगळे पैठणीचे सुंदर नमुने. पण नुसत्या मोराच्या आकारावरून काळ ठरत नाही. मोर आपल्याकडे देवळाच्या खांबावर आहे, समईवर आहे, रांगोळीत आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत कापडं भरपूर दिसतात: पट्ट्यापट्ट्यांची, आणि हंसांच्या रांगा असलेलं एक तर फारच देखणं. चित्रात कापड दिसतं म्हणून ते पैठणला विणलं होतं असं मात्र होत नाही. लेणी 1819 साली इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेला पडली, पुढे चित्रांच्या नकला झाल्या, त्या छापल्या गेल्या आणि मग ते आकार चहूकडे फिरले. साडीवर ‘अजिंठ्याचं’ म्हणून जे काही विकलं जातं, ते बहुतेक या फिरण्यानंतरचं असणार, असं माझं मत आहे.

अशीच आणखी एक गोष्ट दुकानादुकानांतून ऐकू येते, की दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशानं पैठणीचं कौतुक लिहून ठेवलं. ‘पेरिप्लस’ नावाच्या पहिल्या शतकातल्या त्या व्यापारी टिपणात पैठण आहे हे खरं. पैठणहून आणि तगरहून, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून, गाड्यांवर लादून माल भडोचला जाई असं त्यात लिहिलंय. पण नीट वाचलं तर पैठणच्या नावावर अकीकासारखे दगड आहेत. कापड, जाडंभरडं आणि तलम मलमल दोन्ही, तेरच्या नावावर आहे! तेरचे लोक हे ठणकावून का सांगत नाहीत, कोण जाणे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. कापडावर आकृती उमटवायच्या, छापणं-रंगवणं सोडलं तर, मोठ्या वाटा तीन आहेत. कापड कोणती गोष्ट सांगू शकेल, हे पुष्कळसं त्या वाटेवर ठरतं.

पहिली वाट हिमरूची. आपल्या शहराचं हे कापड. ताणा, म्हणजे मागावरचे उभे दोरे, सुती आणि नक्षीचा जादा बाणा, म्हणजे आडवा दोरा, रेशमी. जुन्या मागावर नक्षी ‘जाळ्या’त बांधलेली असे. कोणते ताणे कधी उचलायचे याचा तो दोऱ्यांचा हिशेब. वर बसलेला पोरगा क्रमानं दोऱ्या ओढी आणि खाली विणकर धोटा टाकी. एकदा जाळा बांधला की तोच बुट्टा शंभरदा येणार. शेरवानीला हे झकास. पण गोष्ट पुढे सरकायची तर प्रत्येक वीतभर कापडाला नवा जाळा बांधावा लागेल, आणि ते कुणाला परवडणार?

तरीही या वाटेनं कथा सांगणारं एक थोर कापड आपल्या देशात झालं. आसामचं वृंदावनी वस्त्र. सोळाव्या शतकात तिथले वैष्णव संत शंकरदेव यांच्या देखरेखीखाली बरपेट्याच्या विणकरांनी कृष्णलीला रेशमात विणल्या, आणि ती परंपरा पुढे चालली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आज जे वस्त्र आहे ते नऊ मीटरच्या वर लांब आहे, बारा पट्ट्या एकमेकींना जोडून केलेलं. ते तिबेटातून 1900 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंग्रज मोहिमेबरोबर तिकडे गेलं. बकासुर आहे, कालियामर्दन आहे, विणलेली अक्षरंसुद्धा आहेत. पण पट्टी वरून खाली बघत गेलात की तेच प्रसंग पुन्हा येतात, परत येतात. मागाला पुनरावृत्ती टाळता येत नव्हती, तर त्या विणकरांनी तिचाच नामजप करून टाकला. मला हे फार आवडतं.

दुसरी वाट पैठणीची, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: होय, पैठणीचा पदर टॅपेस्ट्रीच्याच विणीनं होतो. बाणा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जात नाही. प्रत्येक रंगाची आपली वेगळी तिल्ली, म्हणजे दोरा गुंडाळलेली छोटी कांडी, असते. मोराच्या गळ्याचा निळा दोरा गळ्यापुरताच जातो, शेजारच्या जरीच्या दोऱ्यात अडकतो आणि मागे फिरतो. एका ओळीत दहा रंग असतील तर दहा ठिकाणी हा खेळ. म्हणून पदर उलटा करून बघितला तरी मोर तसाच दिसतो. मागे लोंबते धागे नसतात. पुष्कळ लोक पैठणी ओळखायला जर घासून बघतात, तसं करू नका. पदर उलटा. मागे दोरे एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उड्या मारत गेले असतील, किंवा कात्रीनं कापलेले असतील, तर ती जॅकार्डवरची, म्हणजे नक्षीचे ताणे यंत्रानं उचलणाऱ्या मागावरची, बाजारात तिला ब्रोकेड म्हणतात. तीही साडी वाईट नसते, पण तिचा भाव वेगळा.

युरोपातल्या मोठ्या टॅपेस्ट्रीही याच विणीच्या, फक्त रेशमाऐवजी मुख्यतः लोकर. त्यांची एक गंमत सांगतो. ते विणकर चित्र आडवं विणत. म्हणजे भिंतीवर टांगल्यावर कापडाचा ताणा आडवा असतो आणि सगळं वजन बाण्यावर येतं. शिवाय दोन रंगांची सरळ सीमा ताण्याच्या दिशेनं आली की तिथे विणीतच फट राहते. ती मागाहून सुईनं शिवतात. शतकानुशतकं लोंबकळून हेच टाके आधी उसवतात. आपल्या विणकरांनी रंगाला रंग अडकवायची पद्धत धरली, त्यामुळे पदरात फट पडत नाही. कडियल पैठणीत काठ आणि अंगाचा जोडही असाच एकमेकांत अडकवून केलेला असतो.

फ्रान्समधल्या आंजे गावच्या किल्ल्यात अशीच एक जंगी टॅपेस्ट्री आहे. बायबलमधल्या जगाच्या अंताची कथा, 1377च्या सुमारास आंजूचा सरदार पहिला लुई यानं करायला घातलेली. मुळात नव्वद प्रसंग होते, आज शंभर मीटरच्या आसपास उरलीय. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिचे तुकडे करून लोकांनी संत्र्याची झाडं थंडीपासून झाकली, तबेल्यात लावली, पायपुसणी केली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या एका पाद्रीबुवांनी तुकडे गोळा करून जोडले. पण मी हे सांगतोय ते वेगळ्याच कारणासाठी. आपल्या काळात तिचं मागचं अस्तर काढलं, तेव्हा मागची बाजू नव्यासारखी रंगीत निघाली. पुढून फिकट निळीकरडी दिसणारी झाडं मागून हिरवीगार! कारण तो हिरवा होता निळा आणि पिवळा मिळून. उजेडानं पिवळा खाल्ला, निळा राहिला. संग्रहालयांत जुन्या टॅपेस्ट्रीवरची झाडं निळी दिसतात ती यामुळे, विणकराच्या लहरीमुळे नव्हे.

तिसरी वाट सुईची. बायोचं कापड या वाटेवरचं आहे. नाव टॅपेस्ट्री पडलंय, पण ते विणलेलं चित्र नाही, भरतकाम आहे: तागाच्या कापडावर लोकरीच्या दोऱ्यानं. लांबी 70 मीटरच्या जवळ, उंची हातभर, नऊ तुकडे जोडलेले. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, त्याची कथा, अकराव्या शतकातच भरलेली. मंजिष्ठेच्या जातीचा लाल, एका रानफुलाचा पिवळा आणि पाश्चात्त्य निळीचा निळा, एवढ्या तीन वनस्पतींतून दहाएक छटा काढल्यात. कडा दोरटाक्यानं आखून आतला भाग लांब दोरे अंथरून वरून बारीक टाक्यांनी दाबलेला. कमी दोरा, कमी वेळ आणि मागे काही वाया जात नाही. बाया हिशेबी होत्या. 2025च्या जुलैत ते कापड लंडनला पाठवायचं जाहीर झालं, तेव्हापासून तुमच्यासारखे पुष्कळ जण त्याबद्दल विचारतात.

त्यातला एक प्रसंग सगळ्यांना पाठ असतो: राजा हॅरल्डच्या डोळ्यात घुसलेला बाण. पण अठराव्या शतकात त्या कापडाच्या ज्या नकला काढल्या गेल्या, त्यातल्या सुरुवातीच्या चित्रात त्या माणसाच्या हातात पिसं नसलेली नुसती रेघ आहे, भाल्यासारखी. नंतर दुरुस्त्या झाल्या. शेजारी जो दुसरा माणूस पडतोय त्याच्या डोक्याजवळ रिकाम्या टाक्यांची भोकं सापडली आहेत, म्हणजे तिथे कधीतरी काही भरलेलं होतं. मग राजा कोणता आणि बाण कोणाला, यावर पंडितांचे वाद अजून चालू आहेत. 1982-83 साली अस्तर काढून मागची बाजू तपासली, तेव्हा मूळचे टाके कोणते आणि नंतरचे कोणते हे पुष्कळसं कळलं. सुईच्या कामात पुढची बाजू जे दाखवायचं ते दाखवते. गाठी, उड्या, बदललेला दोरा, घाई, हे सगळं मागे.

याला एक सुंदर अपवाद आहे, हिमाचलचा चंबा रुमाल. मलमलीवर न पिळलेल्या रेशमानं असा दुरुखा टाका घालायचा की दोन्ही बाजू सारख्याच. रेखाटन पहाडी शैलीचे चित्रकार कोळशानं करून देत आणि बाया भरत. रासलीला, लग्नं, शिकारी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तर कुरुक्षेत्राचं युद्ध भरलेला लांबलचक पट आहे.

मग मराठवाड्यात असं का नाही? हात नव्हते म्हणून नाही. पैठणचा विणकर तिल्लीनं मोर काढू शकतो तर अर्जुनही काढू शकला असता. पण पैठणी हे नेसायचं वस्त्र. नेसल्यावर पदर खांद्यावरून पाठीवर जातो, चुणीत मोडतो. तिथे प्रसंग वाचणार कोण? नि देवाची आकृती बसण्या-उठण्यात चुरगळायची, ते घरात चाललंही नसतं. बायोचं कापड काय, आंजेची टॅपेस्ट्री काय, भिंतीवर लावायला होती. आमच्या वाड्यांच्या भिंतींना मे महिन्यात लोकर पांघरायची कोणाची छाती आहे!

आणि गोष्टी सांगायला पैठणात दुसरी सोय होती. ‘पैठणी चित्रं’ म्हणून कागदावरच्या रामायण-महाभारताच्या चित्रांचा एक प्रकार आहे. मोठ्या डोळ्यांची, बाजूनं काढलेली, ठसठशीत माणसं. दोन पानं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. चित्रकथी लोक एकेक पान समोर धरत आणि गात-सांगत कथा पुढे नेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात बघायला मिळतील. म्हणजे एकाच गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या दोन कला, एक कागदावर कथा सांगणारी, दुसरी रेशमात गप्प बसणारी. शिवाय नाथांची भारुडं, गोंधळ, जात्यावरच्या ओव्या होत्याच. प्रसंग तोंडानं सांगायचे, कापडावर खूण ठेवायची, अशी वाटणी आपल्याकडे झाली असं मला वाटतं.

म्हणून ताई, तुमच्या तीन वस्तूंत बायोसारखे प्रसंग शोधू नका, त्या वाचायची रीत वेगळी. गणो घ्या. माझ्या अंदाजानं तिघांत बोलका तोच आहे. लमाण बाया डोक्यावर घागर घेत तेव्हा खाली कवड्या लावलेली फुलिया, म्हणजे चुंबळ, आणि तिच्यापासून मागे मानेवर लोंबणारा भरलेला चौकोन, तो गणो. बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य वाहणारे हे लोक. मुघलांच्या फौजांना रसद त्यांनीच पुरवली. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. किनवट, माहूर, हिंगोली, जिंतूर, आपल्याकडे तांडे कुठे नाहीत?

भिंग घेऊन बसा आणि गणो उलटा करा. कापड जाडंभरडं हातमागाचं असेल तर ताणे-बाणे डोळ्यांनी मोजता येतील. लमाणी टाका तसाच मोजून घातलेला असतो, इतके दोरे सोडून इतके उचलायचे. त्यामुळे फूल चौकोनी होतं नि वेल पायऱ्यापायऱ्यांची. त्या बाईला गोल काढता येत नव्हता असं नाही, मोजणीच्या टाक्यात गोल बसत नाही. कडेच्या पट्टीत आणि मधल्या चौकोनात टाक्याची घट्ट-सैल तऱ्हा वेगळी दिसतेय का बघा. फोटोत मला ती तशी वाटली: मधलं काम अतिशय आवळलेलं, डावीकडची पट्टी सैल आणि दोरा जाड. म्हणजे दोन हात असावेत. आईनं सुरू केलेलं लेकीनं पुरं केलं असेल, किंवा एक पट्टी झिजल्यावर नंतर बदलली असेल. डावीकडच्या पट्टीखाली जुन्या सुईची रिकामी भोकं सापडली तर दुसरं खरं.

मग काचा. हातानं फुंकलेल्या जुन्या काचेचे तुकडे किंचित फुगीर आणि मंद असतात, कडा ओबडधोबड. नव्या काचा सपाट आणि एकसारख्या गोल. दोन्ही जातीच्या मिसळलेल्या असतील तर दुरुस्ती झालीय. तुमच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात एक नाणं टाचलेलं दिसतं, त्याच्यावर चारमिनार असावा. निजामाचा हाली सिक्का. त्यावर हिजरी सन असतो. 1321 म्हणजे इसवी सन 1903च्या सुमारास, त्यावरून पुढचं-मागचं काढता येईल. नाणं ज्या सालचं त्याच्या आधी ते टाचलं गेलेलं नाही, एवढं पक्कं. कापड त्याहून जुनं असू शकतं, कारण नाणी एका वस्तूवरून काढून दुसरीवर लावायची चालच आहे. आणि नाणं घासून लख्ख करू नका, कृपा करा.

वाकळीबद्दल थोडक्यात. बंगालमध्ये याच धावदोऱ्यानं नक्षी कांथा झाल्या, त्यांत हत्ती, पालख्या, साहेब, सगळं आलं. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या बाईनं वडिलांसाठी शिवलेली एकोणिसाव्या शतकातली कांथा आहे, अक्षरांसकट. आपली वाकळ तशी चित्रं काढत नाही. ती थरांत वाचायची. वरच्या बाजूला इरकल लुगड्याचा लाल पदर दिसतोय, त्याखाली धोतर असणार, आणि कडेला खणाचे तुकडे. फाटलेल्या जागेतून आतला थर डोकावतो तिथे बघा, एका वाकळीच्या पोटात अख्खी दुसरी वाकळ निघते बऱ्याचदा. फाटलं म्हणून नवं ठिगळ लावून भोक बुजवू नका. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर तुकडे दाखवून कोणाचं काय ते विचारून कागदावर उतरवून घ्या, तेवढं आजच करा.

आता जपणूक. पैठणीचा पदर घड्यांवर चिरतो कारण जर म्हणजे धातू: चांदीची चपटी तार रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली, वर सोन्याचा मुलामा. तीच घडी वर्षानुवर्षं त्याच जागी पडली की तारेची धार शेजारच्या रेशमाला कापते. म्हणून पहिला नियम, घडी नको. कापडाच्या ताग्याची पुठ्ठ्याची नळी दुकानदार फुकट देईल. पुठ्ठ्यात आम्ल असतं, तेव्हा त्यावर आधी अॅल्युमिनियम फॉइल आणि त्यावर खळ जाईपर्यंत धुतलेलं मांजरपाट गुंडाळा. मग पैठणी सैल हातानं गुंडाळा, मध्ये मलमल घालत, पदर सगळ्यात शेवटी, म्हणजे तो बाहेरच्या मोठ्या फेऱ्यावर येईल. वरून पुन्हा मांजरपाट. नळी दोन टोकांवर टेकवून ठेवता आली तर फारच उत्तम. नळीला जागाच नसेल तर घडीच्या प्रत्येक मोडीत मलमलीची गुंडाळी घाला आणि दिवाळीला व आषाढात घडीची जागा बदला.

प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. आपल्याकडे उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि लगेच पावसाळ्यात दमट, आत वाफ धरते. पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत असाल तर आत जाड सुती चादर घाला, गंजाचा डाग निघत नाही. डांबरगोळ्या कापडाला, विशेषतः जरीला, टेकू देऊ नका. वेगळ्या पुरचुंडीत वरच्या कप्प्यात. अत्तर नाही, कापूर नाही. कसर लागू नये म्हणून सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे चार महिन्यांतून एकदा उघडून बघणं आणि सावलीत तासभर वारा देणं.

ड्रायक्लीनला देऊ नका. धुवायचा तर विचारही नको: तो जांभळा पाण्यात सुटेल आणि जर पिवळी-काळी होऊन बसेल. जर काळवंडली म्हणून लिंबू, टूथपेस्ट, चांदी उजळायची पावडर असले प्रयोग घरोघर चालतात. काळा थर हवेतल्या गंधकानं चांदीवर धरलेला असतो. तो घासला की वरचा सोन्याचा मुलामाही जातो, आणि तो परत येत नाही.

चिरलेल्या पदराचं काय? रफूगर चांगला असेल तर काम डोळ्यांत दिसणार नाही असं करून देईल. पण रफू म्हणजे जुन्या विणीत नवा दोरा ओवून घट्ट ओढणं, आणि कुजलेलं रेशीम तो ताण सोसत नाही. चीर एका बाजूला बुजते, दोन बोटं पलीकडे नवी पडते. नेसायची नसेल तर आधार देणं बरं: त्याच रंगाचं पातळ रेशमी कापड मागून लावायचं आणि अगदी बारीक रेशमी दोऱ्यानं सुटे धागे त्यावर सैल दाबत जायचं, साधारण बायोच्या बायांनी लोकर दाबली तसं. हे काम दिसतं, आणि दिसलं तर बिघडत नाही. डिंक, फेविकॉल, इस्त्रीनं चिकटणारं फ्यूजिंग, यांतलं काहीही लावलेलं कापड माझ्याकडे आलं की पहिले कित्येक दिवस ते काढण्यातच जातात.

त्या व्यापाऱ्याला विकायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त ‘नुसता पदर द्या’ म्हणाला तर नाही म्हणा. पदर कापला की उरलेल्या साडीची ओळख जाते, आणि चौकटीतला पदर वर्षादोनवर्षांत उडतो. जुनी जर वजनावर घेणारे त्याहून वाईट; ते साड्या जाळून चांदी काढतात. मराठवाड्यातल्या किती जुन्या पैठण्या अशा गेल्या त्याला हिशेब नाही. म्हणून तर खऱ्या जुन्या नमुन्यांपेक्षा त्यांच्या कहाण्याच जास्त ऐकू येतात.

राहिला भिंतीचा प्रश्न. पैठणी लावू नका. तिच्या वजनानंच चिरा वाढतील आणि तो जांभळा उजेडात टिकणारा नाही. वाकळही नको, तिला सपाट कपाटात ठेवा. गणो लावता येईल. पातळ पाटीवर धुतलेलं मांजरपाट ताणून बसवा, गणो त्यावर कडेकडेनं आणि काचांच्या मधून सुती दोऱ्यानं टाचा, खिळे किंवा टाचण्या न मारता. पुढे काच लावायची तर ती कवड्यांना टेकणार नाही इतकी खोल चौकट करून घ्या. स्वयंपाकघराची आणि उन्हाची भिंत सोडून दुसरी निवडा. पावसाळ्यात ओल येणारी भिंत असेल तर तीही नको. चार महिने लावला की वर्षभर उतरवून ठेवा. आणि उतरवाल तेव्हा मागच्या बाजूचे फोटो भिंगातून काढून मला पाठवा, त्या डावीकडच्या पट्टीखालची भोकं मला बघायची आहेत.